१२७.०.०.११ वर कोण बसलंय?

मध्य रेल्वेवर शहाड आणि टिटवाळ्याच्या मध्ये आंबिवली आहे. अंधेरी पश्चिमेच्या जमिनीच्या कागदपत्रांत आणखी एक आंबिवली सापडते. कर्जतहून कोथळीगडाकडे निघालात की तिसरी लागते. तिथे लेणीही आहेत. पाकिटावर नुसतं ‘आंबिवली’ लिहिलं तर पोस्टाने काय करावं? एकाच नावाची गावं देशभर असल्यामुळे १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिन कोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी, आणि संस्कृत कवीही. त्यांचा उपाय सरळ होता: नावावर विसंबू नका, आकडा लिहा.

सॉफ्टवेअरच्या कंटेनरांच्या दुनियेत नेमकं उलटं चालतं, आणि मला ते भलतंच विलक्षण वाटतं. तिथे आकड्यावर विसंबायचं नाही, नाव लिहायचं.

कंटेनर म्हणजे एखादा प्रोग्रॅम, त्याला लागणाऱ्या सगळ्या फायलींसकट, बंदिस्त करून चालवायची सोय. लिनक्सचं कर्नल अशा प्रत्येक कंटेनरला स्वतंत्र नेटवर्क देऊ शकतं. वेबसाइट एका कंटेनरमध्ये, तिचा डेटाबेस दुसऱ्यात. डेटाबेसला आज १७२.१८.०.३ हा आयपी पत्ता मिळाला. तो काढून नवा उभा केला की कदाचित १७२.१८.०.५ मिळेल. कंटेनर तर सतत मोडले आणि पुन्हा उभे केले जातात. म्हणून वेबसाइटच्या सेटिंगमध्ये लिहितात फक्त ‘डीबी’. ना तालुका, ना जिल्हा.

मग हा ‘डीबी’ सापडतो कसा? कंटेनरच्या आतली ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ ही फाइल उघडा. तिथे लिहिलेलं असतं: नावांचे पत्ते विचारायचे ते १२७.०.०.११ ला. आता १२७ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे ‘मी स्वतः’. कंटेनर स्वतःलाच विचारतोय! पण आत चालू असलेल्या प्रोसेसची यादी काढली तर नावं सांगणारा कुणीच दिसत नाही. कारण तो बाहेर आहे. यजमान संगणकावरचं डॉकर, म्हणजे कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर, कंटेनरच्या नेटवर्कमध्ये शिरून एका पोर्टवर ऐकत बसलेलं असतं. नावांची चौकशी एरवी ५३ क्रमांकाच्या पोर्टवर जाते; डॉकरने आधीच घालून ठेवलेला नियम ती गुपचूप डॉकरच्या पोर्टकडे वळवतो. विचारणारा कोणत्या नेटवर्कमध्ये आहे आणि तिथे या नावाचं कोण आहे, हे पाहून डॉकर त्या क्षणाचा पत्ता सांगतं. नाव तिथलं नसेल, तर प्रश्न बाहेरच्या डीएनएसकडे, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेकडे, जातो. वेबसाइटला यातलं काहीच कळत नाही.

म्हणूनच एका संगणकावर दोन प्रकल्प आपापल्या नेटवर्कमध्ये असले आणि दोघांच्याही डेटाबेसचं नाव ‘डीबी’ असलं तरी गोंधळ होत नाही. कल्याणच्या रिक्षावाल्याला ‘आंबिवली’ म्हटलं तर तो काही अंधेरीला नेत नाही.

ही सोय डॉकरमध्ये फेब्रुवारी २०१६ मध्ये, १.१० या आवृत्तीत आली. त्याआधी जोडलेल्या कंटेनरांची नावं ‘होस्ट्स’ नावाच्या फाइलमध्ये लिहिली जात. इंटरनेटचंही असंच झालं होतं. त्याचं पूर्वज असलेल्या अर्पानेटवरच्या संगणकांची नावं स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एकाच फाइलमध्ये ठेवलेली असत आणि इतरांनी ती उतरवून घ्यायची. जाळं वाढलं तशी फाइल पुरेना; १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या डॉकरने तोच प्रवास तीन वर्षांत उरकला. तीस वर्षं उत्तर तयार असूनही सुरुवात फाइलपासूनच व्हावी, याची मात्र गंमत वाटते.

वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. डॉकर आपसूक देतं त्या ‘ब्रिज’ नेटवर्कमध्ये नावांची ही सोय नाही. नेटवर्क स्वतः तयार करावं लागतं. डॉकरचं कंपोझ हे साधन वापरलंत तर ते काम तेच करून टाकतं. तेव्हा ‘डीबी’ सापडत नाही अशी तक्रार आली, तर सेटिंगमध्ये आयपी पत्ता टाकून वेळ मारून नेऊ नका. आधी दोन्ही कंटेनर एकाच नेटवर्कमध्ये आहेत ना, ते बघा.