शेजारच्या बोली – ६ : ‘नको’ कुणाचा?

मागच्या महिन्यात मराठवाड्यातल्या आमच्या चाकूरच्या घरी वाटणीचा विषय निघाला आणि आजोबांची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी फडक्यात बांधलेले दोन कागद निघाले. पहिला उर्दूत. घरात सगळे शिकलेले, पण एकालाही तो वाचता येईना. शेवटी गावातल्या एका निवृत्त मास्तरांकडे गेलो. आमची अख्खी आळी त्यांना चाचा म्हणते. त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि बोट उजवीकडून डावीकडे सरकवत वाचायला लागले. फसली १३४०. त्यात ५९० मिळवले की आपलं इसवी सन येतं, म्हणजे १९३० च्या सुमाराचा कागद. पुढं पणजोबांचं नाव, मग ‘वल्द’, मग त्यांच्या वडिलांचं नाव. शेताच्या चतुःसीमा, सामाईक विहीर, बांधावरचे दोन आंबे. घडी घालून कागद माझ्या हातात देत चाचा म्हणाले, “बावडी में आधा हिस्सा तुमाराच है, बाबा. घबराव नको.”

मागच्या भागात तांड्यावरच्या बंजाऱ्यांची गोरमाटी पाहिली. जनगणनेत ती हिंदीच्या पोटात मोजली जाते. चाचांची बोली, म्हणजे दखनी, उर्दूच्या पोटात. २०११ च्या मोजणीत महाराष्ट्रात उर्दू मातृभाषा सांगणारे पाऊण कोटी होते; त्यातले घरात दखनी बोलणारे किती, हे त्या आकड्यातून कळत नाही. स्वतः बोलणाऱ्यांनाही ती बोली ‘बिघडलेली उर्दू’ वाटते. पोरांना ते ‘नको बोलू नको, मत बोल’ असं बजावतात, आणि बजावताना स्वतःच ‘नको’ म्हणून जातात!

तो ‘नको’ मराठीचा. ‘तुमाराच’मधला ‘च’ही मराठीचा. दिल्ली-लखनौच्या उर्दूत यातलं काही सापडणार नाही. तिकडं ‘ही’ आणि ‘मत’. ‘लोगां’, ‘बातां’ ही अनेकवचनं मात्र उत्तरेतून, पंजाब-हरियाणाकडून आलेली. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा शिपाई, सूफी, कारागीर, व्यापारी असा मोठा लोंढा इकडं उतरला. त्यांची बोली इथल्या मराठी, कानडी, तेलुगू माणसांच्या बाजारात, शेतात, छावणीत घोळली. पुढं गुलबर्गा-बीदरच्या बहामनींच्या आणि नंतर विजापूर-गोवळकोंड्याच्या काळात तिच्यात मोठं साहित्य झालं. औरंगाबादचा वली १७०० च्या सुमारास दिल्लीला गेला, तेव्हा तिथले फारसीत लिहिणारे कवी त्याच्या या भाषेकडे वळले. उर्दू कवितेची एक मोठी वाट अशी मराठवाड्यातून दिल्लीला गेली आहे. आणि पैठणच्या एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला तेव्हा त्यातला तुर्क त्याच्या बोलीत भांडतो, हिंदू मराठीत भांडतो, आणि दोघांनाही एकमेकांचं सगळं समजतं. ऐकणाऱ्यांनाही ते कळत असल्याशिवाय नाथांनी तसं लिहिलं नसतं.

मग ही बोली ‘त्यांची’ कधी झाली?

इथं दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. निजामाच्या कचेरीतली उर्दू ही दखनी नव्हती. ती उत्तरेच्या वळणाची, दरबारी उर्दू. राज्यात उर्दू मातृभाषेची माणसं शंभरात बाराच्या आसपास. तरी फारसी गेल्यावर कारभार उर्दूत आला आणि १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षणही उर्दूतून ठेवलं. मराठी पोराला वरच्या वर्गात स्वतःची भाषा सोडून शिकावं लागे. ते दुःख खरं होतं, आणि १९२१ मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली त्यामागं तेही होतं. पुढं निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी गावं जाळली. मग सप्टेंबर १९४८ ची भारत सरकारची पोलीस अ‍ॅक्शन, आणि त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर जे झालं ते. त्याच्या चौकशीला केंद्रानं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सगळ्यात जास्त होरपळलेले जिल्हे म्हणून सांगितले. मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार. आमच्याकडचे अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके तेव्हा बीदर जिल्ह्यातच होते. हा अहवाल लोकांपुढं यायला २०१३ उजाडलं. आपल्या मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत रझाकार येतात, यायलाच हवेत. पुढचं पान मात्र वाचलं जात नाही.

आजोबा उर्दूत शिकले होते. त्यांना उर्दूत लिहिताना मी कधी पाहिलं नाही. त्या पहिल्या कागदाच्या मागच्या बाजूला त्यांची सही निघाली, डौलदार, वळणदार उर्दूतली. चाचांनी वाचून दाखवेपर्यंत ती सही आहे हेही मला कळलं नव्हतं.

भाषा ‘त्यांची’ ठरवून टाकण्याचा असाच घोळ बेलफास्टमध्ये आयरिशचा आहे. ती कॅथलिकांची, असं प्रॉटेस्टंट वस्त्यांत पक्कं ठरलेलं. पण लिंडा अर्विन या प्रॉटेस्टंट बाईंनी पूर्व बेलफास्टमध्ये आयरिशचे वर्ग काढले. लोकांना आपल्या गल्ल्यांची, गावांची नावंच आयरिश आहेत हे दाखवलं. ‘बेलफास्ट’ हेही आयरिशच. २०२२ च्या कायद्यानं त्या भाषेला उत्तर आयर्लंडमध्ये अधिकृत दर्जा मिळाला. भांडणं संपली नाहीत, पण वर्ग भरतात.

आपल्याकडं तर उर्दू कारभाराचे शब्द शोधायलाही लांब जावं लागत नाही. तहसील, मौजे, गिरदावर, तलाठ्याला अजून ‘पटवारी’ म्हणणारी आमची म्हातारी माणसं. माझं स्पष्ट मत आहे: मराठवाड्यातल्या कुठल्याही कॉलेजात मराठीच्या पोरांना एक वर्ष दखनी आणि तिची लिपी शिकवावी. उर्दू कागद घराघरांत आहेत आणि आमच्यासारख्या घरांत ते वाचणारं कुणी उरलेलं नाही. मी स्वतः चाचांकडे शुक्रवारी दुपारनंतर अलिफ-बे गिरवायला जातो. ‘हे’ची वळणं अजून जमत नाहीत.

फडक्यातला दुसरा कागद चाचांनी उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. “ये मेरेकू नई आता,” म्हणाले. तो मोडीत आहे. मराठीच, पण मलाही वाचता येत नाही.