जमावबंदीचा हुकूम आणि लाचेचा सापळा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमतो, ते नागरिकशास्त्र शिकवीत. सरकारी हुकूम आधी संपूर्ण वाचावा आणि मगच त्याविषयी बोलावे, असा त्यांचा आग्रह असे. आजचा विषय त्या आग्रहातूनच सुचला.

बेळगावकरांना जमावबंदी नवी नाही. १ नोव्हेंबर जवळ आला की '१४४ लागू होणार का?' हा प्रश्न चहाच्या दुकानापासून वकिलांच्या खोलीपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. १ जुलै २०२४ पासून हे कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ या क्रमांकाने गेले आहे. बोलण्यात मात्र ते '१४४'च राहील, असे वाटते. आकडा बदलला तरी गाभा जुनाच आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही हे कलम होते आणि १९७३ च्या संहितेने ते तसेच पुढे चालविले.

या कलमाविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. 'पाच माणसे एकत्र आली की गुन्हा' असे लोक मानतात. परंतु मूळ कलमात पाच हा आकडा कोठेही नाही. तो आला दंडसंहितेतील बेकायदेशीर जमावाच्या व्याख्येतून, म्हणजे पूर्वीच्या कलम १४१ मधून (आता भारतीय न्याय संहितेचे कलम १८९). तेथेही नुसती संख्या पुरत नाही. जमलेल्यांचा समान उद्देश कायद्याने सांगितलेल्या प्रकारांपैकी असावा लागतो. दंडाधिकारी आपल्या हुकुमात 'पाच किंवा अधिक' असे लिहितो, म्हणून दोन्ही गोष्टी लोकांच्या मनात एक झाल्या. संचारबंदी हा शब्दही या कलमात नाही. घराबाहेर पडण्यास मनाई करणारा हुकूम याच अधिकाराखाली निघतो, इतकेच.

मग कलमात काय आहे? जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा खास अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी लेखी हुकूम काढू शकतो. त्या हुकुमात प्रकरणातील महत्त्वाची वस्तुस्थिती नमूद करणे बंधनकारक आहे. हुकूम दोन महिन्यांपेक्षा अधिक काळ चालत नाही. मानवी जीविताला, आरोग्याला वा सुरक्षिततेला धोका असेल किंवा दंग्याची शक्यता असेल, तरच राज्य सरकार तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकते. ज्याला हुकुमाचा जाच होतो, त्याला तो रद्द करण्यासाठी वा बदलण्यासाठी अर्ज करता येतो. त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, आणि अर्ज फेटाळल्यास कारणे लिहून द्यावी लागतात. हा शेवटचा हक्क फारच थोडे लोक वापरतात. वकिलीच्या सुरुवातीच्या दिवसांत एका कचेरीच्या फलकावरचा हुकूम मी उतरवून घेतला होता. आदल्या वर्षीचाच मजकूर, फक्त तारीख नवी! वस्तुस्थिती म्हणून एकच वाक्य, तेही 'शांततेस बाधा येण्याचा संभव आहे' एवढेच.

असा हुकूम न्यायालयात टिकावा का? सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न अनेकदा आला. पहिला मोठा निकाल १९६१ चा, बाबुलाल पराते यांच्या प्रकरणातला. नागपुरातील कापड-गिरणी कामगारांच्या संघटनांत १९५६ साली चढाओढ लागली, तेव्हा निघालेला हुकूम त्यामागे होता. दंगल प्रत्यक्ष पेटेपर्यंत सरकारने हातावर हात ठेवून बसावे असे नाही, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने कलम घटनात्मक ठरविले. १९७० साली सात न्यायमूर्तींसमोर मधू लिमये यांचे प्रकरण आले. गोवामुक्तीच्या सत्याग्रहात पोर्तुगीजांचा तुरुंग भोगलेले आणि पुढे बिहारातील मुंगेरहून लोकसभेत गेलेले हे गृहस्थ स्वतंत्र भारतात याच कलमाविरुद्ध लढत होते. कलम टिकले, पण प्रसंगाची निकड हाच त्याचा प्राण आहे, हेही स्पष्ट झाले. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. रास्त मतप्रदर्शन दडपण्यासाठी हे कलम वापरता येणार नाही, तेच तेच हुकूम पुन:पुन्हा काढणे हा अधिकाराचा दुरुपयोग होय, आणि हुकूम प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असे त्या निकालाने सांगितले. फलकावरचा तो जुना मजकूर मला त्या दिवशी आठवला.

हुकूम मोडणाऱ्यास पूर्वीच्या कलम १८८ खाली शिक्षा होई; आता कलम २२३ आहे. साधी कैद सहा महिन्यांपर्यंत, आणि जीवितास धोका वा दंगा संभवत असेल तर एक वर्षापर्यंत. मात्र संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवाचून न्यायालय या गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. पोलिसांनी नुसते आरोपपत्र ठेवून भागत नाही.

आता दुसरी बाजू. मनाई हुकुमात अधिकाऱ्याने कारण उघड लिहावे अशी कायद्याची अपेक्षा असते. लाचेत खरे कारण टेबलाखाली राहते. लाचेची कलमे, १६१ ते १६५अ, पूर्वी दंडसंहितेतच होती. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने ती तेथून काढून आपल्यात घेतली. अंतुले खटल्यात १९८४ साली आमदार हा दंडसंहितेच्या व्याख्येप्रमाणे लोकसेवक नाही असे ठरले होते. नव्या कायद्याने व्याख्याच रुंद केली. लोकसेवकाने लाच घेतल्यास आता किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आहे.

सापळ्याची रीत वर्तमानपत्रांतून सर्वांना ऐकून माहीत असते. तक्रारदाराच्या नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावतात, पंचांसमक्ष त्यांचे क्रमांक लिहून घेतात. नोटा घेणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडविली की पाणी गुलाबी होते. पण गुलाबी पाण्याने फक्त नोटांना हात लागला एवढे सिद्ध होते. लाच मागितली होती, हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते, आणि अनेक खटले येथेच कोसळतात, कारण साक्षीच्या वेळी तक्रारदार उलटतो. १५ डिसेंबर २०२२ रोजी नीरज दत्ता प्रकरणात घटनापीठाने निर्वाळा दिला की, तक्रारदार मृत झाला वा फितूर झाला तरी मागणी इतर पुराव्यांवरून, परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही, सिद्ध करता येते.

२०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरला. सक्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेस वा पोलिसांस कळविणाऱ्याला सूट आहे. आपल्या राज्यात हे कोणाला कळवायचे, याविषयी मध्यंतरी गोंधळ होता. २०१६ साली सरकारने वेगळे भ्रष्टाचारविरोधी पथक काढले. ऑगस्ट २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि सापळ्याचे काम पुन्हा लोकायुक्त पोलिसांकडे आले. तेव्हा सातबाराच्या उताऱ्यासाठी कोणी पैसे मागितले, तर आधी लोकायुक्तांच्या पोलिसांकडे जावे. पैसे देऊन आल्यावर आठव्या दिवशी वकिलाकडे येणाऱ्या माणसाला मी फारसे साहाय्य करू शकत नाही.