अंगणवाडीचा आहार आणि आपले रुग्णालय

कुपोषित बालकांच्या आहारासाठी शासनाची योजना असताना न्यासाने त्याच कामावर निधी का खर्च करावा, अशी विचारणा आमच्या काही देणगीदारांनी केली आहे. प्रश्न रास्त आहे. हिशेबाच्या दृष्टीने तर फारच रास्त आहे. उत्तर देण्यापूर्वी ही योजना कोण चालविते आणि रुग्णालयाचा तिच्याशी कोठे संबंध येतो, याची माहिती देणे आम्हांस आवश्यक वाटते.

एकात्मिक बाल विकास सेवा योजना दिनांक २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात या योजनेचे आयुक्तालय नवी मुंबईत बेलापूर येथे असून ते महिला व बाल विकास विभागाच्या अधीन काम करते. आयुक्तालयाखाली ग्रामीण भागात जिल्हा परिषद, बाल विकास प्रकल्प अधिकारी, मुख्यसेविका आणि सर्वांत शेवटी अंगणवाडी सेविका व मदतनीस अशी ही साखळी आहे. शेवटी म्हटले खरे, परंतु बालकाच्या हातात घास पडतो तो याच दोघींमुळे, आणि त्यांना वेतन नव्हे तर मानधन मिळते. त्या उपदानास पात्र आहेत, हे ठरण्यासाठीही सन २०२२ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावा लागला.

अंगणवाडी म्हणजे 'खाऊची शाळा' असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पूर्वशालेय शिक्षण आणि पोषण व आरोग्य शिक्षण अशा सहा सेवा तेथून दिल्या जातात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतच न्याहारी व गरम ताजा आहार मिळतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांसाठी, तसेच गरोदर व स्तनदा मातांसाठी सामान्यतः घरपोच आहार दिला जातो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार बालकास दररोज ५०० किलोकॅलरी, कुपोषित बालकास ८०० आणि गरोदर व स्तनदा मातेस ६०० किलोकॅलरी देण्याचे प्रमाण मुळात ठरले होते. म्हणजे हा आहार कृपा नसून हक्क आहे. त्यामागे सन २००१ पासून सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या अन्नाच्या अधिकाराच्या याचिकेतील आदेशांचे पाठबळ आहे. प्रत्येक वस्तीत अंगणवाडी पोहोचावी, असा आदेश न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये दिला होता.

खर्चाची बाजूही सांगितली पाहिजे. सन २०१७ मध्ये केंद्र शासनाने ठरविलेला दर प्रतिबालक प्रतिदिन ८ रुपये आणि तीव्र कुपोषित बालकासाठी १२ रुपये असा होता. आहाराचा भार केंद्र व राज्य निम्मा निम्मा उचलतात. हिशेब तपासण्याची सवय असलेल्या कोणालाही ८ रुपयांत काय बसते आणि काय बसत नाही, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

शिवाय घरपोच आहाराचे पाकीट घरी गेले की ते एकट्या बालकाचे राहत नाही. चुलीभोवती आणखी तीन भावंडे असतात आणि आईचा हात एकालाच वाढू शकत नाही. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाचे नाव एका गावच्या पटावर राहते आणि मूल दुसऱ्या तालुक्यात असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सन २०१५-१६ मध्ये राज्यातील पाच वर्षांखालील सुमारे ३६ टक्के मुले कमी वजनाची आढळली होती. सन २०१९-२१ च्या फेरीतही हे प्रमाण जवळजवळ तेवढेच राहिले. योजना निष्फळ आहे, असा याचा अर्थ आम्ही लावत नाही. तिच्याशिवाय चित्र कसे दिसले असते, याची कल्पनाच करवत नाही.

आमच्या बालरुग्ण विभागाचा संबंध येथे येतो. न्यूमोनिया किंवा जुलाबाने दाखल झालेले कुपोषित मूल औषधाने बरे होते, पण त्याच पोटी त्याच घरी परतले तर पुन्हा आजारी पडते. तीव्र कुपोषणात पुष्कळदा जंतुसंसर्ग असूनही ताप येत नाही. मूल केवळ निपचित पडते, आणि 'शांत आहे' म्हणून घरचे निर्धास्त राहतात. अशा मुलास प्रारंभी एकदम भरपूर खाऊ घालणेही धोक्याचे असते. थोडे थोडे, मोजून, ठरावीक अंतराने द्यावे लागते. (वाढदिवसानिमित्त विभागात बिस्किटांचे पुडे वाटू इच्छिणाऱ्या हितचिंतकांनी प्रथम परिचारिकांना विचारावे, ही विनंती याच कारणाने आहे.) दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असलेल्या किंवा दोन्ही पायांवर सूज असलेल्या बालकास शासकीय पोषण पुनर्वसन केंद्रात पाठविले जाते. तेथे साधारण दोन आठवडे राहावे लागते, आणि आईची तेवढी मजुरी बुडते. तिची भरपाई देण्याची तरतूद आहे. परंतु पैसे हाती येईपर्यंत घर कसे चालवावे, या विवंचनेत अनेक माता मध्येच मूल घेऊन निघून जातात.

न्यासाचा निधी नेमका या फटीत खर्च होतो. अन्नवाटपाचे समांतर केंद्र उघडण्याचा आमचा विचार नाही. शासनाच्या यंत्रणेची जागा न्यासाने घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मातेचा प्रवासखर्च, तिचे दोन वेळचे जेवण, घरी राहिलेल्या भावंडांसाठी थोडा शिधा आणि फेरतपासणीसाठी येण्याजाण्याचे भाडे एवढ्या बाबी आम्ही उचलतो. रकमा लहान असतात, पण केंद्रातून घरी गेल्यावर दर पंधरा दिवसांनी होणाऱ्या चार फेरतपासण्या त्यांवरच अवलंबून असतात.

रुग्णांच्या नातेवाइकांनी घरी जाताना डिस्चार्ज कार्डाची प्रत व माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे आणि आठवड्याच्या आत गावच्या सेविकेस दाखवावे. त्यावरील वजन व दंडघेर पाहून तिला बालकाची नोंद योग्य श्रेणीत करता येते. स्थलांतर करणाऱ्यांनी निघण्यापूर्वी सेविकेस कळवावे, म्हणजे नाव नव्या ठिकाणच्या अंगणवाडीत वर्ग होऊ शकते. आहार नाकारला गेल्यास अन्न सुरक्षा अधिनियमाखालील जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तो लिहून देण्याचे काम आमच्या समाजसेवा कक्षात विनामूल्य केले जाते.