शेतमजूर, परदेशी (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

शेतमजूर, परदेशी : पिकांच्या लागवडीसाठी आणि विशेषेकरून तोडणीसाठी दुसऱ्या देशांतून आणलेले किंवा आपण होऊन आलेले मजूर. कॅनडा, स्पेन, इझ्राएल इ. देशांची शेतीही बऱ्याच अंशी अशा मजुरांवर अवलंबून आहे. तथापि ह्या प्रश्नाचे सर्व पैलू अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या शतकाहून अधिक काळाच्या अनुभवात विशेष स्पष्टपणे दिसतात. प्रस्तुत नोंद त्या देशापुरती आहे.

गहू, मका, सोयाबीन ही पिके यंत्रांनी पेरली व कापली जातात; त्यांना माणसे थोडी लागतात. स्ट्रॉबेरी, सफरचंद, लेट्यूस यांसारखा नाजूक माल मात्र अद्यापि मुख्यतः हातांनीच तोडावा लागतो. तोडणीचा हंगाम काही आठवड्यांचा असतो व तेवढ्यात माणसे न मिळाल्यास वर्षाचे पीक शेतात कुजते. त्यामुळे मळेवाल्यांना हंगामात मजूर मुबलक हवे असतात, पण हंगाम संपल्यावर त्यांची जबाबदारी नको असते. ही अपेक्षा ज्याला दुसरीकडे जाण्याची मुभा नाही, असाच मजूर पुरी करू शकतो. ‘मजूरटंचाई’ ह्या शब्दाचा अर्थही ह्या संदर्भातच लावावा लागतो : प्रचलित वेतनावर माणसे मिळत नाहीत, एवढेच त्यातून सिद्ध होते.

कॅलिफोर्नियातील मळ्यांवर एकोणिसाव्या शतकात प्रथम चिनी मजूर आले. १८८२ च्या कायद्याने त्यांना प्रवेशबंदी झाल्यावर जपानी आणि पुढे फिलिपिनो मजूर त्यांच्या जागी आले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पंजाबातून गेलेले शीखही त्यांत होते. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून होणारे आगमन थांबविले. त्याच कायद्यातील साक्षरतेची व प्रवेशकराची अट मेक्सिकन शेतमजुरांना मात्र युद्धकाळात माफ करण्यात आली. पुढे १९३० नंतरच्या महामंदीत काम उरले नाही, तेव्हा लाखो मेक्सिकनांना परत धाडण्यात आले. त्यांत अमेरिकेत जन्मलेली मुलेही होती. कामगार संघटनांना मान्यता देणारा १९३५ चा कायदा आणि किमान वेतनाचा १९३८ चा कायदा या दोहोंतून शेतमजूर वगळले गेले. किमान वेतन १९६६ मध्ये मोठ्या शेतांपुरते लागू झाले. पण जादा तासांच्या वाढीव मोबदल्याचा हक्क संघीय कायद्याने त्यांना अजूनही दिलेला नाही.

ब्रासेरो योजना : दुसऱ्या महायुद्धातील मनुष्यबळाची उणीव भरून काढण्यासाठी ४ ऑगस्ट १९४२ रोजी मेक्सिकोशी करार झाला. स्पॅनिश भाषेत ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. त्यावरून कंत्राटी मजुरांना ‘ब्रासेरो’ हे नाव मिळाले. युद्ध संपले तरी योजना संपली नाही. ती १९६४ च्या अखेरपर्यंत चालली व तिच्याखाली सु. ४६ लाख कंत्राटे झाली (एकाच मजुराने अनेकदा केलेली कंत्राटे त्यांत धरली आहेत). १९५६ या एका वर्षात ही संख्या सु. ४ लाख ४५ हजारांवर गेली. निवास, विमा आणि स्थानिक दराने वेतन यांची हमी कागदावर होती. प्रत्यक्षात सीमेवरील केंद्रांत मजुरांना उघडे उभे करून त्यांच्या अंगावर डीडीटी फवारले जाई, निवास कोंदट बराकींत असे, आणि कंत्राट एकाच मालकाशी बांधलेले असल्याने तक्रार करणाऱ्याची पाठवणी मेक्सिकोला होई. सुरुवातीच्या वर्षांत वेतनाचा दहावा हिस्सा बचत म्हणून कापून मेक्सिकोतील बँकांकडे पाठविला गेला. तो अनेकांच्या हाती कधीच पडला नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी वृद्ध ब्रासेरोंना त्यासाठी न्यायालयात जावे लागले.

योजना बंद झाल्यास टोमॅटोचा धंदा बुडेल, असे मळेवाले सांगत होते. तसे झाले नाही. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जॅक हॅना यांनी जाड सालीचा, एकाच वेळी पिकणारा टोमॅटो तयार केला होता आणि कोबी लॉरेन्झन यांनी तो काढणारे यंत्र बनविले होते; १९६४ नंतर काही वर्षांतच प्रक्रियेसाठी लागणारा कॅलिफोर्नियातील बहुतेक टोमॅटो यंत्राने निघू लागला. मात्र ब्रासेरो गेल्यावर देशी मजुरांचे वेतन वाढेल, ही योजनेच्या विरोधकांची अपेक्षाही फोल ठरली. मायकेल क्लेमेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ब्रासेरोंवर अवलंबून असलेल्या राज्यांत वेतन इतर राज्यांपेक्षा अधिक वेगाने वाढल्याचे आढळले नाही. ज्या पिकांना यंत्र सापडले नाही, त्यांच्याकडे परवान्याविना सीमा ओलांडणारे मजूर येऊ लागले.

१९८६ च्या कायद्याने अशा सु. ११ लाख लोकांना शेतमजूर म्हणून वैध दर्जा दिला. मागील वर्षात किमान नव्वद दिवस शेतीकाम केल्याचा पुरावा एवढीच मुख्य अट होती. दर्जा मिळताच त्यांतील पुष्कळांनी हळूहळू बांधकाम, उपाहारगृहे इ. व्यवसायांची वाट धरली व त्यांच्या जागी पुन्हा परवाना नसलेले लोक आले. संघीय श्रम खात्याच्या पाहण्यांनुसार पीक-शेतीतील मजुरांपैकी सु. चाळीस टक्के आजही ह्याच वर्गातील आहेत. त्यांतील बहुतेक आता हंगामामागे फिरणारे राहिलेले नाहीत. ते वर्षानुवर्षे एकाच गावी राहतात, त्यांची मुले तेथील शाळांत शिकतात आणि त्यांचे वय वाढत आहे. मेक्सिकोच्या ग्रामीण भागात कुटुंबे लहान झाली व शिक्षण वाढले. त्यामुळे तरुण मजुरांचा पूर्वीचा ओघही आटला आहे.

ही पोकळी ‘एच–२ए’ या हंगामी प्रवेशपरवान्याने भरली जात आहे. त्याला संख्येची मर्यादा नाही. स्थानिक मजूर मिळत नसल्याचे मालकाने दाखवावे, निवास व प्रवासखर्च द्यावा, कंत्राटातील तीन-चतुर्थांश कामाची हमी द्यावी आणि स्थानिकांचे वेतन घसरू नये म्हणून ठरविलेला किमान दर पाळावा, अशा अटी आहेत. २००५ मध्ये सु. ४८ हजार जागांना मंजुरी होती. २०२३ मध्ये ती ३ लाख ७८ हजारांवर गेली. दुग्धव्यवसायाला हा परवाना सहसा मिळत नाही, कारण तेथील काम हंगामी नाही. परवाना ठरावीक मालकापुरताच असतो, हा त्याचा मूळ दोष ब्रासेरो योजनेपासून चालत आला आहे. भरतीसाठी मजुराकडून पैसे घेण्यास मनाई असली, तरी कित्येक जण गावाकडे कर्ज काढूनच येतात. मजुरांची पारपत्रे काढून घेऊन त्यांना बादलीमागे २० सेंट दराने उघड्या हातांनी कांदे उपटायला लावले, असा आरोप २०२१ मध्ये जॉर्जिया राज्यातील एका फौजदारी खटल्यात दलालांवर ठेवण्यात आला.

सुधारणेचे पर्याय : केवळ कडक अंमलबजावणीचा प्रयोग २०११ मध्ये जॉर्जिया व ॲलाबामा या राज्यांनी करून पाहिला, मजूर निघून गेले, पीक शेतात राहिले आणि जॉर्जियात परिवीक्षेवरील गुन्हेगारांना मळ्यांवर धाडण्याचा प्रयत्नही फारसा यशस्वी झाला नाही. याहून व्यापक तडजोड शेतमजुरांविषयीच्या विधेयकात होती. दोन वर्षांत १८० दिवस शेतीकाम केलेल्यांना तात्पुरता वैध दर्जा द्यावा. पूर्वीच्या कामाच्या कालावधीनुसार आणखी चार किंवा आठ वर्षे शेतीत राहिल्यास व दंड भरल्यास कायम वास्तव्याचा हक्क मिळावा. दुग्धव्यवसायासह बारमाही कामांसाठी परवाने असावेत. आणि दहा हजारांपर्यंत मजुरांना मालक बदलण्याची मुभा प्रयोगादाखल द्यावी, अशी त्याची रूपरेषा होती. बदल्यात शेतीतील प्रत्येक नेमणुकीपूर्वी कागदपत्रांची संघीय पडताळणी सक्तीची होणार होती. प्रतिनिधिगृहाने हे विधेयक डिसेंबर २०१९ व मार्च २०२१ मध्ये संमत केले. सीनेटमध्ये ते दोन्ही वेळा अडले. १९८६ च्या अनुभवावरून त्यात घातलेली शेतीत राहण्याची सक्ती मळेवाल्यांना आवश्यक वाटते; ती म्हणजे नागरिकत्वाच्या वाटेवरील वेठच होय, असा आक्षेप घेता येतो व तो निराधार नाही. मालक बदलण्याची मुभा हा भाग सर्वांत कमी खर्चाचा असूनही विधेयकात सर्वांत आखडता आहे. दरम्यान ऑक्टोबर २०२५ मध्ये श्रम खात्याने एच–२ए मजुरांचे किमान दर काढण्याची पद्धत बदलून ते खाली आणले.