मुलांमधील ॲलर्जीजन्य विकार : नांदेड व लातूर परिसर

ॲलर्जीजन्य विकार म्हणजे एरवी निरुपद्रवी असणाऱ्या पदार्थाला शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने अतिरेकी प्रतिसाद दिल्यामुळे उद्भवणारे आजार होत. दमा, ॲलर्जिक सर्दी, इसब, अंगावर पित्त उठणे आणि अन्नाचे वावडे हे त्यांचे बालवयातील नेहमीचे प्रकार आहेत. पारिभाषिक मराठीत ॲलर्जीला ‘अधिहर्षता’ म्हणतात. मात्र व्यवहारात ‘वावडे’ हाच शब्द अधिक अर्थवाही ठरतो.

परागकण, घरातील धुळीत राहणारे सूक्ष्म कीटक, बुरशीचे बीजाणू अशा पदार्थांविरुद्ध काही मुलांच्या शरीरात आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार होतात. पुढच्या संपर्कात त्यांच्यामुळे हिस्टामिन व इतर द्रव्ये बाहेर पडतात आणि शिंका, खाज किंवा श्वासनलिकांचे आकुंचन सुरू होते. ही प्रवृत्ती पुष्कळदा आनुवंशिक असते. तान्हेपणी इसब, शाळेच्या वयात सर्दी व दमा असा क्रम अनेक मुलांत दिसतो, सर्वांत नव्हे.

प्रमाण

मुलांमधील ॲलर्जीची देशोदेशी एकाच प्रश्नावलीने मोजणी करण्याचे काम ‘आयझॅक’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने १९९० च्या दशकात हाती घेतले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ५६ देशांतील १५५ केंद्रांमधील १३-१४ वर्षांच्या ४,६३,८०१ मुलांचा समावेश होता. महाराष्ट्रातील केंद्रांत मुंबई व पुण्याबरोबर अकोलाही होते. दम्याच्या लक्षणांचे प्रमाण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे सर्वाधिक, तर भारतात कमी आढळले.

हा आकडा वाचताना प्रश्न कसा विचारला गेला हे लक्षात घ्यावे लागते. ‘गेल्या बारा महिन्यांत छातीतून शिट्टीसारखा आवाज आला का?’ हा त्यातील मुख्य प्रश्न. ६-७ वर्षांच्या मुलांबाबत त्याचे उत्तर पालक देत, १३-१४ वर्षांची मुले स्वतः देत. इंग्रजीत या आवाजासाठी एकच रूढ शब्द आहे. मराठीत कोणी ‘छाती वाजते’ म्हणतो, कोणी ‘घरघर’, कोणी नुसतेच ‘धाप लागते’. म्हणूनच मोठ्या मुलांना लक्षणांची चित्रफीत दाखवण्याचा पर्यायही त्या अभ्यासात होता.

पुढे ‘ग्लोबल अस्थमा नेटवर्क’ने भारतात नऊ केंद्रांवर पाहणी केली. त्यांत पुणे होते, मराठवाड्यातील एकही शहर नव्हते. या पाहणीत दम्याच्या लक्षणांचे प्रमाण ६-७ वर्षे वयोगटात सुमारे ३.२ टक्के, तर १३-१४ वर्षे वयोगटात सुमारे ३.६ टक्के आढळले. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, मुले व पालक मिळून लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के जणांना दम्याचे निदानच झालेले नव्हते. आजार थोड्यांना आहे, पण ज्यांना आहे त्यांतील बहुतेकांना त्याचे नाव ठाऊक नाही.

स्थानिक कारणे

गाजर गवत, म्हणजेच ‘काँग्रेस’, भारतात १९५० च्या दशकात पुणे परिसरात प्रथम लक्षात आले आणि नंतर देशभर पसरले. मराठवाड्यात ते पावसाळ्यानंतर बांधावर, रस्त्याकडेला व शाळांच्या मैदानांवर फुलते. त्याच्या परागकणांमुळे सर्दी व दमा बळावतो, तर स्पर्शामुळे त्वचेचा दाह होतो. पाठोपाठ सोयाबीनची मळणी, दिवाळीची साफसफाई व फटाक्यांचा धूर एकत्र येतात. लातूरच्या डाळ गिरण्यांचा भुसा, नांदेडकडील कापसाची धूळ आणि चुलीचा धूर हे बाधित मुलांचा त्रास वाढवणारे घटक आहेत.

निदान व उपचार

‘दमा’ हा शब्द घरात, विशेषतः मुलीच्या बाबतीत, टाळला जातो. ‘बाळदमा’ किंवा ‘कफाची प्रकृती’ म्हणून वेळ निभावली जाते. इसबाला नायटा समजून दुकानातून मलम आणणेही सर्रास चालते. मृग नक्षत्राच्या सुमारास हैदराबादेत बथिनी कुटुंबाकडून जिवंत मरळ माशातून दिले जाणारे औषध घेण्यासाठी महाराष्ट्रातूनही रुग्ण जातात. त्याच्या गुणकारितेला शास्त्रीय आधार नाही.

‘पंपाची सवय लागते’ हा समज सर्वांत घातक आहे. श्वासावाटे घ्यायच्या स्टिरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि औषध थेट श्वासनलिकेत पोहोचते. गोळीची मात्रा मिलिग्रॅममध्ये असून ती सर्व शरीरात पसरते. लहान मुलांना पंपाबरोबर स्पेसर वापरावा लागतो. धाप लागल्यावरच वापरायचा पंप आणि रोज घ्यायचा पंप हे वेगळे असतात, हे पालकांना सांगितले नाही तर रोजचा पंप बरे वाटताच बंद होतो.

नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूर येथील विलासराव देशमुख यांच्या नावाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये या भागातील प्रमुख उपचारकेंद्रे होत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तीस आजारांच्या यादीत श्वासनलिकांचा हा विकार व त्वचारोग समाविष्ट आहेत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शासकीय व अनुदानित शाळांत एकदा तपासणी होते. विनाअनुदानित खासगी शाळांतील मुले तिच्या कक्षेबाहेर राहतात.