नऊ चोक छत्तीस

औंढा नागनाथाचा गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांनी, अंग चोरून खाली उतरावे लागते. चार वर्षांपूर्वी श्रावणात मी त्या पायऱ्यांच्या तोंडाशी उभी राहिले, खाली एकवार पाहिले आणि म्हणाले, "सासूबाई, तुम्ही जाऊन या. मी इथंच थांबते." सत्तरीच्या सासूबाई उतरल्या, त्रेचाळीस वर्षांची प्राध्यापिका त्यांची पिशवी सांभाळीत बसली!

दोन्ही गुडघ्यांत संधिवात आणि वजन ८२ किलो. दुखते म्हणून चालायचे नाही, चालत नाही म्हणून वजन वाढायचे, वाढले म्हणून पुन्हा दुखायचे. आमच्या हिंगोली जिल्ह्यात कोणत्याही दुखण्यावर एकच सल्ला मिळतो: वसमतची हळद दुधातून घ्या. घेतली. (दुधात साखर किती घेतली ते विचारू नका!)

डॉक्टरांनी मात्र हिशेबच मांडला. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले, की वजन एक किलो उतरले तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. त्यांच्याच २०१३ सालच्या दीड वर्षाच्या प्रयोगात नुसता व्यायाम करणाऱ्यांचे वजन सरासरी दोन किलोही घटले नाही. खाणे आवरून व्यायाम करणाऱ्यांचे दहा किलोंवर घटले, आणि दुखणेही त्यांचेच अधिक कमी झाले.

म्हणजे मेख ताटातच होती. माझे आठवड्याला दोन उपवास. पण साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वर केळी! ते उपवास मी सोडले. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. सकाळी मैदानावर सपाट जागी चालणे, खुर्चीत बसून पाय सरळ धरून मांड्या बळकट करणे हे त्यामानाने सोपे गेले.

अवघड होती भाऊबीज. वहिनीने ताट भरून फराळ पुढे ठेवला. मी एक करंजी घेऊन ताट सरकवले. तिचा चेहरा उतरला. "ताई, माझ्या हातचं गोड लागत नाही का आता?" काय सांगणार? चार पावलांचा हिशेब तिथे मांडता येत नाही. पुढच्या वर्षी तिने आपणहून ताट लहान घेतले, आणि मलाच गलबलून आले.

तीन वर्षांत वजन ७३ वर आले. संधिवात गेलेला नाही. थंडीत गुडघे अजून धरतात. गेल्या श्रावणात पुन्हा औंढ्याला गेलो. नऊ चोक छत्तीस, असे मनाशी म्हणत मी एकेक पायरी उतरले. वर येताना सासूबाईंनी हात पुढे केला. तो मात्र मी घेतला.