उन्हाळी बालसेवा पथकात जाणाऱ्यांसाठी
उन्हाळ्याच्या सुट्टीत ख्रिस्ती मंडळ्या मुलांसाठी वर्ग भरवितात. गाणी, बायबलमधील कथा, चित्रकला आणि खेळ. अशा बालसेवेचा एक उगम १८६८ सालचा आहे. जोसाया स्पायर्स यांनी वेल्सच्या किनाऱ्यावर वाळूत बायबलमधील एक वचन रेखून मुलांकडून ते शिंपल्या-खड्यांनी सजवून घेतले.

तो किनारा गार वाऱ्याचा होता. नांदेड-लातूरचा मे महिना चाळीस अंशांपलीकडे जातो. एप्रिल २०१६ मध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. टंचाईच्या गावी गेलेले पथक त्याच गावाचे पाणी पिते, हे उत्साहाच्या भरात विसरले जाते. म्हणून पिण्याचे पाणी सोबत न्यावे व वर्ग सकाळी दहापूर्वी आटोपावेत, असे आम्ही सुचवितो.

मुलाला चक्कर आली, तर सावलीत निजवून ओआरएसचे द्रावण (एक लिटर पाण्यात एक पाकीट) घोटघोट पाजावे. मात्र मूल बरळू लागले वा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. तोंडाने काहीही न देता अंग पाण्याने भिजवावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णवाहिका येईपर्यंत अंग थंड करणे थांबवू नये. येथे मिनिटे मोलाची असतात.

पालकांची लेखी संमती आधीच घ्यावी. एकट्या सेवकाने मुलाला एकांतात नेऊ नये. आणखी एक, काहींना कदाचित न रुचणारे: औषध किंवा खाऊ प्रार्थनेच्या अटीवर देऊ नये. वर्गाला न बसलेल्या मुलालाही तहान लागतेच.